दगडावर नाव कोणाचे?

शाळेतला कोणताही जुना बाक पाहा. त्यावर नावे असतात, बाण टोचलेले बदाम असतात, 'दहावी अ' असे काहीतरी असते, क्वचित एखाद्या शिक्षकाचे टोपणनावही असते. ही सारी कामगिरी कंपासपेटीतल्या करकटकाची. आपण रागावतो, मुले काही दिवस गप्प राहतात आणि पुढच्या वर्षी आणखी चार नावे वाढतात. बाक शाळेचा आहे, लाकूड बदलता येते. म्हणून हा प्रश्न आपण फारसा मनावर घेत नाही.

पण तोच विद्यार्थी सहलीला जातो. करकटक खिशात असते. समोर एखादे लेणे, किल्ल्याची भिंत किंवा डोंगरवाटेवरचा मोठा खडक येतो. दोन मिनिटांत तेथे एक नाव आणि तारीख उमटते. यावेळी लाकूड बदलता येत नाही. मग शिक्षक म्हणून आपण काय करायचे? रागावणे पुरेसे आहे का? आणि मुलाने उलट विचारले, "सर, लेण्यांत जुनी नावे कोरलेलीच आहेत ना? ती तुम्ही आम्हाला वाचून दाखवता, मग आमचे का चालत नाही?" तर उत्तर काय द्यायचे?

हा प्रश्न उद्धट वाटला, तरी तो इतिहासाचा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधायला आपण नागपूर जिल्ह्यातील कुहीपासून सुरुवात करू.

पांढरीच्या तालुक्यात

कुही तालुक्यात अजिंठ्यासारखी लेणी नाहीत. तेथला इतिहास बहुतांशी मातीत आहे. अडम येथील पांढरीच्या टेकाडाचे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने १९८८ ते १९९२ या काळात उत्खनन केले. मध्याश्मयुगापासून सातवाहन काळापर्यंतच्या वस्तीचे थर तेथे एकावर एक मिळाले. गावाभोवती तटबंदी आणि खंदक होता. 'अस्सक जनपद' असा उल्लेख असलेली मुद्रा तेथे सापडली आणि प्राचीन ग्रंथांतील एका जनपदाचे नाव जमिनीवर दाखवता येऊ लागले. याच तालुक्यातील मांढळ येथे १९७०च्या दशकात नागपूर विद्यापीठाने उत्खनन केले. वाकाटक काळातील विटांची मंदिरे आणि मूर्ती उजेडात आल्या. मांढळला वाकाटकांचे ताम्रपटही मिळाले आहेत. पचखेडीच्या परिसरात बृहदश्मयुगीन शिळावर्तुळे आहेत. मोठमोठे धोंडे गोलाकार मांडून त्यांच्या आत मृतांच्या अस्थी आणि वस्तू पुरण्याची ही पद्धत विदर्भात अडीच हजार वर्षांपूर्वी आणि त्याआधीही रूढ होती.

शिळावर्तुळातला धोंडा पाहणाऱ्याला साधा धोंडा वाटतो. त्यावर फलक नसतो, नक्षी नसते. शेतात अडचण होते म्हणून तो बाजूला सारला जातो, बांधाला लागतो, खडी करायला जातो. कोणी त्यावर रंगाने नाव लिहिले तर गावात कोणाला विशेष वाटत नाही. ज्या भागात इतिहास विटांचा आणि मातीचा आहे, तेथे उघड्यावर दिसणारा दगड थोडाच असतो. म्हणूनच त्याची किंमत अधिक.

शिवाय आता येथे माणसांची ये-जा वाढली आहे. वैनगंगा, कन्हान आणि इतर नद्यांच्या संगमावरचे अंभोरा हे जुने तीर्थक्षेत्र. मुकुंदराजांनी 'विवेकसिंधु' येथे रचला अशी परंपरा सांगितली जाते. जानेवारी २०२४ मध्ये तेथे वैनगंगेवरचा केबलवर तोललेला मोठा पूल खुला झाला आणि कुही व भंडारा ही दोन्ही बाजूंची गावे जोडली गेली. पूल आणि गोसीखुर्दचे विस्तीर्ण पाणी पाहायला लोक येतात. लोकांनी यावे हे चांगलेच आहे. पण जेथे रस्ता पोचतो, तेथे रंगाचा डबाही पोचतो, हा सगळीकडचा अनुभव आहे.

दोन नावे, एक लेणे

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे वळू. जुनी नावे का चालतात?

कुहीच्या शेजारीच वैनगंगेकाठी भंडारा जिल्ह्यात पवनी आहे. तेथील स्तूपाचे उत्खनन १९६९-७० साली झाले. स्तूपाभोवतीच्या दगडी कठड्याच्या खांबांवर ब्राह्मी लिपीत लहान लहान लेख आहेत. त्यांत दान देणाऱ्यांची नावे आहेत. अमक्याने हा खांब दिला, एवढाच मजकूर. आपल्या देवळांच्या फरशीवर 'अमुक यांच्या स्मरणार्थ' असे लिहिलेले असते, त्याचीच ही दोन हजार वर्षांपूर्वीची आवृत्ती.

अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो, कारण तेथे एकाच ठिकाणी दोन प्रकारची नावे भेटतात. हे लेणे अजिंठ्यातील सर्वांत जुन्या लेण्यांपैकी एक, इसवी सनापूर्वीचे. त्याच्या दर्शनी कमानीवर ब्राह्मी लेख आहे. वासिष्ठीपुत्र कटहादी नावाच्या माणसाने लेण्याचे दर्शनी मुख दान दिले, असे तो सांगतो.

आत गेल्यावर एका रंगवलेल्या खांबावर दुसरे नाव आहे. ते जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याचे. तो मद्रास लष्कराच्या घोडदळात होता. वाघाच्या शिकारीला आला असताना तो या लेण्यांपर्यंत पोचला आणि खांबावर आपले नाव व २८ एप्रिल १८१९ ही तारीख खरवडून गेला. पुढे 'अजिंठ्याचा शोध लावणारा' म्हणून त्याचे नाव पुस्तकांत आले. आसपासच्या लोकांना लेणी अर्थातच ठाऊक होती.

दोघांनीही नाव लिहिले. फरक कोणता? कटहादीने आधी काही दिले आणि मग नाव लिहिले. ते नाव लेण्याचाच भाग म्हणून, त्यासाठी घडवलेल्या जागी आले. स्मिथने काही दिले नाही. उलट दुसऱ्या कोणी रंगवलेल्या चित्राचा तुकडा त्याने नावासाठी खर्च केला.

हेच मोजमाप रायगडावर लावून पाहा. जगदीश्वराच्या देवळाच्या पायरीवर हिरोजी इंदुलकरांचे नाव आहे. गड बांधणाऱ्या माणसाने स्वतःचे नाव येणाऱ्या-जाणाऱ्यांची पावले पडतील अशा पायरीवर, सेवकाच्या भूमिकेतून कोरले. त्या नावाशेजारी आजच्या कोण्या पर्यटकाचे नाव ठेवून पाहिले की विद्यार्थ्यांना वेगळे स्पष्टीकरण द्यावे लागत नाही.

स्मिथच्या नावाबद्दल आणखी एक गोष्ट शिकवण्यासारखी आहे. ते आज माणसाच्या डोक्याच्याही वर दिसते. स्मिथ उंच होता म्हणून नव्हे. १८१९ साली लेण्यात सुमारे पाच फूट माती आणि दगडगोट्यांचा भराव साचला होता. तो त्यावर उभा होता. पुढे भराव काढला गेला, जमीन खाली गेली आणि नाव वर राहिले. म्हणजे हा ओरखडाही आता पुरावा झाला आहे. त्यावरून दोनशे वर्षांपूर्वीची लेण्याच्या जमिनीची पातळी सांगता येते.

येथे चाणाक्ष विद्यार्थी म्हणेल, "मग माझेही नाव दोनशे वर्षांनी पुरावा होईल!" त्याला रागावू नये. त्याचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. उरलेल्या अर्ध्यासाठी देवटेकचा दगड पाहावा लागेल.

देवटेकची शिळा

चंद्रपूर जिल्ह्यात नागभीडजवळ देवटेक नावाचे गाव आहे. तेथील एक मोठी शिळा आता नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात, म्हणजे नागपूरकरांच्या 'अजब बंगल्या'त आहे. कुहीच्या शाळांना ती एका दिवसाच्या सहलीत पाहता येईल. या शिळेवर दोन लेख आहेत आणि ते वेगवेगळ्या काळांतले आहेत.

पहिला लेख इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातील, अशोककालीन ब्राह्मीत आहे. कोणा स्वामीची ती आज्ञा आहे. प्राण्यांना पकडणे आणि मारणे यांना तीत मनाई केलेली आहे. दुसरा लेख सुमारे सहाशे वर्षांनंतरचा, वाकाटक राजा पहिला रुद्रसेन याचा. त्याच्या धर्मस्थानाविषयी तो आहे. दोन्ही लेखांत एकाच गावाचे नाव येते. ते गाव म्हणजे देवटेकजवळचे चिकमारा असावे, असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी दाखवले.

दुसरा लेख कोरताना पहिल्याची काही अक्षरे तासली गेली. आज पहिला लेख आपल्याला अपुरा वाचता येतो. विदर्भातील सर्वांत जुन्या लेखांपैकी हा एक. आज्ञा कोणाला होती, मोडणाऱ्यास काय शिक्षा होती, हे कदाचित त्या हरवलेल्या अक्षरांत असेल. आता ते कधीच कळणार नाही.

रुद्रसेन हा काही करकटक घेऊन आलेला पोर नव्हता. तो राजा होता, दान देणारा होता, आणि त्याचा लेखही आज आपल्याला मोलाचा वाटतो. म्हणजे 'काही दिले आणि मग नाव लिहिले' एवढी कसोटी पुरत नाही. दुसरी कसोटी तिच्या जोडीला हवी : लिहिताना काय गेले? नवा लेख इतिहासात भर घालतो हे खरे. पण ज्या जागेवर तो बसतो, तेथे आधी काही असेल तर ते कायमचे जाते. दोनशे वर्षांनी आपले नाव पुरावा होईलही, पण त्यासाठी आज हातात असलेला दोन हजार वर्षांचा पुरावा खर्ची पडलेला असेल. हा व्यवहार तोट्याचा आहे.

एका ओरखड्याने काय बिघडते?

"एवढ्याशा रेघेने काय होते?" असे नेहमी विचारले जाते. याचे उत्तर गणिताच्या तासाला देता येईल.

जुन्नरहून कोकणात उतरणाऱ्या नाणेघाटाच्या माथ्यावर एक लेणे आहे. ही वाट दोन हजार वर्षे चालती आहे. पूर्वी व्यापाऱ्यांचे तांडे जात, आता गिर्यारोहक जातात. लेण्याच्या भिंतींवर सातवाहन राणी नागनिका हिचा मोठा लेख आहे. यज्ञांत दिलेल्या गायी आणि कार्षापण नाणी यांची संख्या त्यात आकड्यांनी दिली आहे. भारतातील आकड्यांच्या सर्वांत जुन्या नमुन्यांत याची गणना होते. १८२८ साली कर्नल साइक्स येथे आला. या आकड्यांचे वाचन मात्र १८७०च्या दशकात पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी केले.

त्या पद्धतीत शून्य नव्हते. दहा, वीस, शंभर, हजार यांना वेगवेगळी चिन्हे होती. शंभराच्या चिन्हाला उजवीकडे एक छोटी रेघ जोडली की दोनशे होत आणि दोन रेघा जोडल्या की तीनशे. आता विचार करा, शंभराच्या चिन्हाशेजारी कोणी चाकूने एक ओरखडा काढला तर? राणीने दिलेल्या गायी एका क्षणात दुप्पट होतील. भगवानलालांसारख्या वाचकाला तासन्‌तास उजेड पाडून ठरवावे लागेल की ही रेघ सातवाहनांची की सहलीची. नाणेघाटच्या लेण्यातही येणाऱ्यांनी आपली नावे कोरून ठेवली आहेत.

हाच धोका शिळावर्तुळांना आहे. नागपूरच्या काटोल रस्त्यावरील जुनापाणी येथील शिळावर्तुळांच्या काही धोंड्यांवर वाटीसारखे छोटे खळगे ओळीने कोरलेले आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रिव्हेट-कार्नाक या अधिकाऱ्याने त्यांची नोंद केली आणि ब्रिटनमधील तशाच खुणांशी तुलना केली. या खळग्यांचा अर्थ अजून निश्चित झालेला नाही. ते किती आहेत, कोणत्या दिशेला आहेत, ओळीत किती, या मोजणीवरच पुढचा अभ्यास अवलंबून आहे. कोणी गंमत म्हणून आणखी दोन खळगे पाडले, तर ती मोजणीच चुकेल. प्रयोगशाळेतल्या नोंदवहीत परक्याने आकडे घुसडण्यासारखेच हे आहे.

ज्या खडकावर काहीही कोरलेले नाही, त्याचे काय? तेथेही नुकसान आहे, फक्त ते दुसऱ्या जातीचे. उघड्यावर असलेल्या बेसॉल्टचा पृष्ठभाग शेकडो वर्षे हवा-पाणी खाऊन बदललेला असतो. खनिजांतील लोहाचे ऑक्सिडीकरण होऊन त्यावर तपकिरी, टणक थर येतो. ओरखडा काढला की खनिजांचा चुरा होऊन पांढुरकी रेघ दिसते. ती रेघ पुन्हा मूळ रंगाची व्हायला माणसाचे आयुष्य पुरत नाही. खडकावरचे दगडफूल आपण मसाल्यात वापरतो. ते शैवाल आणि बुरशी यांचे सहजीवन आहे. ते फार सावकाश, बहुधा वर्षाला मिलिमीटरच्या काही अंशाने वाढते. या वाढीवरून खडकाचा पृष्ठभाग किती काळ उघडा आहे याचा अंदाज बांधण्याची पद्धतही आहे. खडक खरवडला की तो अंदाज बांधण्याची सोय गेली.

शापापासून दंडापर्यंत

कोरीव वस्तूंचे आणि दानांचे रक्षण कसे करावे, याचा विचार आपल्याकडे नवा नाही. वाकाटकांच्या ताम्रपटांच्या शेवटी दान मोडणाऱ्याला नरकवासाचा इशारा दिलेला असतो. पुढे शिलाहार आणि यादव काळात गधेगाळ आले. सूर्य, चंद्र आणि गाढवाचे चित्र असलेल्या या दगडांवर दान मोडणाऱ्याला अत्यंत अर्वाच्य शिवी दिलेली असते. सूर्यचंद्र असेतो हे दान टिकावे, ही इच्छा आणि न टिकले तर हा शाप. अर्थात हा शाप दानाचे रक्षण करण्यासाठी होता. दगड टिकला तो त्या ओघात.

शापाची जागा पुढे कायद्याने घेतली. लॉर्ड कर्झनच्या काळात १९०४ साली प्राचीन स्मारकांच्या रक्षणाचा कायदा झाला. संरक्षित स्मारक विद्रूप करणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा त्यात होती. स्वातंत्र्यानंतर १९५८ साली नवा केंद्रीय कायदा आला. त्यातही तीन महिने आणि पाच हजार रुपये हेच आकडे राहिले. २०१० साली त्यात दुरुस्ती होऊन दोन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड अशी वाढ झाली. महाराष्ट्राचा स्वतंत्र कायदा १९६० सालचा आहे. विद्यार्थ्यांना एक साधे गणित घालता येईल : १९०४ साली पाच हजार रुपयांत काय काय येत होते आणि २००९ साली काय येत होते? शंभर वर्षे आकडा तोच राहिला की शिक्षा आपोआप हलकी होत जाते, हे त्यांच्या लगेच लक्षात येईल.

पण कायद्याला एक मर्यादा आहे. तो 'संरक्षित' म्हणून जाहीर झालेल्या स्मारकांना लागू होतो. जुनापाणीची शिळावर्तुळे संरक्षित आहेत. शेताच्या बांधावरचा एकटा धोंडा मात्र बहुधा कोणत्याही यादीत नसतो. तेथे पहारेकरी नसतो, फलक नसतो. तेथे असते ती शेजारची शाळा. राज्यघटनेतील मूलभूत कर्तव्यांत आपल्या सामासिक संस्कृतीच्या वारशाचे मोल जाणून त्याचे जतन करणे हे एक कर्तव्य आहे. १९७६ साली ४२व्या घटनादुरुस्तीने ते आले. नागरिकशास्त्राच्या पुस्तकातले हे वाक्य अशा धोंड्याजवळ उभे राहून शिकवले, तर ते नुसते पाठ होणार नाही.

सदिच्छेने होणारे नुकसान

नाव दिसले की ते पुसावे, असे आपल्याला वाटते. स्वयंसेवकांची टोळी तारेचा ब्रश आणि संडास धुण्याचे ॲसिड घेऊन निघते. हेतू चांगला, परिणाम वाईट. तारेचा ब्रश रंगाबरोबर दगडाचा जुना थर आणि उरलीसुरली अक्षरेही नेतो. ॲसिडने चुन्याचा गिलावा विरघळतो, खडकातील चुनखडीची खनिजे खाल्ली जातात आणि मागे राहिलेले क्षार सच्छिद्र भागात शिरतात. पाणी सुकताना या क्षारांचे स्फटिक होतात आणि दगडाचे पोपडे सुटतात. नावावर तेलरंगाचा दुसरा हात मारणे हा तर उपायच नव्हे. तेलरंग दगडाची छिद्रे बुजवतो, आतला ओलावा बाहेर पडू देत नाही आणि शेवटी रंगाबरोबर दगडाची सालही निघते.

ही चूक फक्त हौशी लोकच करतात असे नाही. १९२०च्या सुमारास निजामाच्या राज्यातील अजिंठ्याची चित्रे टिकवण्यासाठी इटलीहून दोन तज्ज्ञ आणले गेले. निखळणारी चित्रे बसवण्याचे त्यांचे काम उपयोगी होते. पण त्यांनी चित्रांवर लाखेचा लेपही दिला. काळाच्या ओघात तो पिवळा, मग तपकिरी झाला, त्यावर धूळ बसली आणि रंग झाकोळले. पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांना तो लेप जपून काढण्यासाठी पुढे अनेक वर्षे खर्चावी लागली. त्या काळातल्या उत्तम ज्ञानाने केलेले काम असे उलटू शकते, तर रविवारी सकाळी ब्रश घेऊन निघालेल्यांनी किती जपायला हवे!

रामटेकच्या टेकडीवर याच्या उलट प्रकार घडला. केवल नरसिंह मंदिराच्या भिंतीवरचा वाकाटककालीन लेख चुन्याच्या थरांखाली झाकला गेला होता. तो १९८०च्या दशकात थर काढल्यावर उजेडात आला आणि वाकाटक व गुप्त घराण्यांच्या नात्यावर नवी माहिती मिळाली. दरवर्षी भक्तिभावाने चुना लावणाऱ्यांच्या मनात लेख झाकण्याचा हेतू नव्हता. शेंदूर लावलेल्या दगडांबद्दलही असेच म्हणता येईल. गावकरी ज्या धोंड्याला देव मानतात, तो त्यांनी शेकडो वर्षे सांभाळलेला असतो. त्यांना विद्रूप करणाऱ्यांच्या रांगेत बसवणे अन्यायाचे होईल. तेथेही प्रश्न तोच विचारावा : काही झाकले जात आहे का, काही जात आहे का? आणि तो गावकऱ्यांबरोबर बसून विचारावा.

आता थोडे स्वतःकडेही पाहू. कोरीव लेख फोटोत नीट दिसावा म्हणून अक्षरांत खडू भरण्याची सवय आपल्यापैकी अनेकांना आहे. खडूची पूड छिद्रांत बसते. शिवाय आपण जे अक्षर समजलो तेच रेखाटतो आणि पुढच्या वाचकाला आपली चूक वारशाने मिळते. विद्यार्थी हे पाहत असतात. सरांनी खडूने लिहिलेले चालते, तर आपण का नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला तर दोष त्यांचा नाही.

शाळेने काय करावे?

पहिला धडा वर्गातच घेता येतो. खिडक्या लावून अंधार करा. तोच खरवडलेला बाक घ्या. बॅटरीचा झोत प्रथम सरळ वरून टाका. नावे धड दिसणार नाहीत. मग बॅटरी बाकाच्या पातळीला आणून झोत आडवा, अगदी तिरका टाका. प्रत्येक खोबणीत सावली पडेल आणि दिवसा न दिसणारी नावेही वाचता येतील. आता बॅटरी वेगवेगळ्या दिशांनी फिरवा. काही रेघा एका दिशेने दिसतात, काही दुसऱ्या. कोणते नाव आधीचे, कोणते नंतरचे, कोणती रेघ कोणत्या रेघेला छेदून जाते, हे मुलांनाच ठरवू द्या. शिलालेख वाचणारे हेच तंत्र वापरतात. खडूची गरज उरत नाही. आणि एका बाकावरचे जुने नाव नव्या नावाखाली वाचेनासे झाले की देवटेकच्या शिळेचे दुःख वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

सहलीत नवा ओरखडा किंवा रंग दिसला, तर त्याला हात लावू नये. शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो घ्यावा. जागा, तारीख आणि काय लिहिले आहे ते नोंदवावे. ही नोंद ग्रामपंचायतीला आणि पुरातत्त्व खात्याच्या नागपूर येथील कार्यालयाला कळवावी. जागा जंगलात असेल तर वनखात्यालाही कळवावी. हे लवकर करावे. एक नाव राहिले की त्याच्या शेजारी दुसरे येते, हे आपण बाकावर पाहिलेलेच आहे. ओला रंग आणि मुरलेला रंग काढण्यातही मोठा फरक असतो. पण काढण्याचे काम जाणकारांवर सोडावे.

नाव कोरणारा आपलाच विद्यार्थी निघाला, तर? त्याला सर्वांसमोर उभे करून लाजवल्याने तो पुढच्या वेळी फक्त कोणी पाहत नसताना कोरेल. त्याऐवजी त्याच्याकडे त्या जागेचे काम द्यावे. त्याने ती जागा मोजावी, तिचे चित्र काढावे, गावातल्या म्हाताऱ्यांना तिच्याबद्दल विचारावे आणि वर्गाला सांगावे. 'मी येथे होतो' असे सांगावेसे वाटणे हा काही गुन्हा नाही. कटहादीलाही तसे वाटले होते, पवनीच्या दात्यांनाही वाटले होते. त्यांनी आधी काही दिले, एवढेच.

शाळेने सहलीची एक नोंदवही ठेवावी. कोणत्या वर्षी कोण गेले, काय पाहिले, किती धोंडे मोजले, त्यांतले किती हलले आणि कोणत्यावर नवा रंग दिसला, हे त्यात प्रत्येकाच्या नावासह आणि तारखेसह लिहावे. कुहीसारख्या तालुक्यातल्या एका शाळेने एका शिळावर्तुळाची अशी दहा वर्षांची नोंद ठेवली, तर उद्याच्या अभ्यासकाला ती कोणत्याही फलकापेक्षा उपयोगी पडेल. त्या वहीतली नावे मग पवनीच्या खांबांवरच्या नावांच्या रांगेत बसतील. आणि बाकावर नाव कोरणाऱ्या मुलाला त्या वहीचे पहिले पान लिहायला द्यायला हरकत नाही.